सहा महिने शून्य

दादांनी शेवटची वस्तू भिरकावली त्याला सहा महिने होत आले होते, आणि ताईला घोर लागला होता तो नेमका त्यामुळेच.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांच्या त्या निवासात ताई वर्तन-सहायक म्हणून कामाला होती. म्हणजे नक्की काय, हे तिच्या सासूला चार वर्षांत उमगलं नव्हतं. 'मोठ्या माणसांना शांत बसवते' असं ती शेजारणीला सांगून मोकळी व्हायची, आणि ते अगदीच चूक नव्हतं. दादा सेहेचाळीस वर्षांचे, उंचेपुरे, आणि गोंगाटानं हैराण होणारे. दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा हाताला लागेल ते फेकायचे. चपला फेकल्या, ताटल्या फेकल्या, एकदा तर पर्यवेक्षकांचा चष्मा फेकला, तोही त्यांच्या नाकावरून काढून. चष्मा गेला तेव्हा कुठे पर्यवेक्षकांची खात्री पटली आणि दादांसाठी रोजचे चार तास ताई मंजूर झाली.

त्या चार तासांत दोघं धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची, मागच्या रस्त्यानं एक चक्कर मारून यायची, आणि कार्डाचा सराव करायची. आवाज असह्य झाला की फेकाफेकी करायची नाही, खिशातलं हिरवं कार्ड वर धरायचं. कार्ड वर गेलं की ताईनं त्यांना मुकाट्यानं शांत खोलीत न्यायचं, असा दोघांचा करार होता. दादा शब्दाचे पक्के. पर्यवेक्षकांचं भाषण सुरू झालं की दुसऱ्याच वाक्याला कार्ड वर जायचं, आणि ताईला खाली मान घालून, हसू दाबत त्यांना बाहेर न्यावं लागायचं.

घडलेल्या प्रत्येक प्रकाराची तक्त्यात नोंद व्हायची. वाजले किती, आधी काय झालं, त्यांनी काय केलं, नंतर काय झालं. पहिल्या वर्षी ताईला दर आठवड्याला नवा कागद जोडावा लागे. पुढे नोंदी विरळ झाल्या, मग थांबल्याच. ताईनं स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि त्याच महिन्यात वरून पत्र आलं. सलग सहा महिने एकही प्रकार न घडल्यास मदतीची गरज संपली असं समजावं, चार तास बंद करावेत, व्यक्तीला दिवसभर मोठ्या दालनात बसवावं. मोठं दालन म्हणजे तीस माणसं, दोन कर्मचारी आणि कधीही बंद न होणारा टीव्ही. पाय मुरगळलेला माणूस काठीच्या आधारानं चालायला लागला की त्याची काठी काढून घ्यायची, असा हा प्रकार होता. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना सांगणार कोण? ताईनं पर्यवेक्षकांना सांगून पाहिलं.

"आकडे बोलतात," पर्यवेक्षक म्हणाले.

त्यांच्याकडचे आकडे फार बोलायचे, माणसांना मध्ये बोलू द्यायचे नाहीत. मोठ्या दालनात दादांचं काय होईल हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. पहिल्या दिवशी कार्ड वर करतील, कुणाचं लक्ष जाणार नाही. दुसऱ्या दिवशी टीव्ही खिडकीतून बाहेर जाईल, आणि त्याच्यामागोमाग दादा, कुठल्यातरी कुलूपबंद ठिकाणी.

दादांच्या चार तासांचा निर्णय ज्या बैठकीत व्हायचा होता तिला नऊ दिवस उरले असताना भांडी विसळता विसळता काचेचा जग ताईच्या साबणाच्या हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. दादा टेबलाशी बसून चमचे पुसत होते.

"फुटला," ते म्हणाले.

"हो ना."

"दहा चाळीस," घड्याळ बघून दादा म्हणाले आणि पुढचा चमचा उचलला.

ताईनं काचा भरल्या, आणि कचऱ्याच्या बादलीवर वाकलेली असतानाच तिच्या डोक्यात तो विचार आला. एक नोंद. फक्त एक. कुणाला लागलं नाही, कुणाचं काही गेलं नाही, आणि दादांचे चार तास वाचतील. ती तिथेच टेबलाशी बसली आणि लिहिलं. वेळ दहा चाळीस. आधी: बाहेर गाडीचा कर्कश भोंगा. वर्तन: काचेचा जग फेकला. नंतर: शांत खोलीत नेलं. अक्षर नेहमीपेक्षा वळणदार आलं होतं.

आता यात एक अडचण होती. दादांना खोटं बोलता येत नसे. तत्त्व वगैरे काही नाही, काही जणांना शिट्टी वाजवता येत नाही तसं ते त्यांना जमतच नसे. मागे तपासणीला पाहुणे आले होते तेव्हा "काल ताई अकरा मिनिटं झोपली होती" असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं होतं. झोपलीही होती अकराच मिनिटं. पण बैठकीला दादा कधीच नसायचे, म्हणून ताई निर्धास्त होती. आणि नेमकं याच वेळी पर्यवेक्षक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तिथून नवं ज्ञान घेऊन आले. ज्याच्याबद्दल ठरवायचं, तो माणूस समोर हवा. ताईनं हे बैठकीच्या सकाळी ऐकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत पर्यवेक्षक होते, मानसतज्ज्ञ बाई होत्या, आणि दुखरे गुडघे घेऊन जिना चढून आलेली दादांची थोरली बहीण होती. पर्यवेक्षकांनी नोंद मोठ्यानं वाचली. बहिणीनं रुमाल डोळ्यांना लावला.

"घरीही असंच करायचा," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, सुटला यातून."

या बाईचा ताईनं विचारच केला नव्हता.

मानसतज्ज्ञ बाई दादांकडे वळल्या. "दादा, त्या दिवशी तो जग कुणी फेकला?"

ताईची पाचावर धारण बसली. दादांनी तिच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, जसं ते धुतलेल्या चादरीवर डाग राहिलाय का ते बघत. त्यांचा हात कार्डाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मी," ते म्हणाले. "मी फेकला. चुकलं माझं."

ताईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. तिला लाज वाटली, इतकी की कान तापले. 

मानसतज्ज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "पाहिलंत? न रागावता, न घाबरता स्वतःची चूक कबूल केली. याहून मोठी प्रगती ती कोणती?" पर्यवेक्षकांनाही ते पटलं. एवढ्या प्रगतीपुढे एक जग म्हणजे किरकोळ. चार तास बंद, पहिल्या तारखेपासून मोठं दालन. ताई करायला गेली एक आणि झालं भलतंच.

बाहेर आल्यावर दादा जिन्याशी थांबले. "आता रोज येशील ना?"

"नाही दादा. बंद केलं त्यांनी."

"मी फेकला सांगितलं तरी?"

"तरी."

दादांनी विचार केला. "मग अजून एक फोडू?"

"पहिला तरी तुम्ही कुठे फोडला होता?"

"माहितीये," दादा म्हणाले. "पण तुला तसंच हवं होतं ना."

ताईनं दादांना पायरीवर बसवलं आणि उलट पावली आत गेली.

"जग माझ्या हातून फुटला," ती म्हणाली. "नोंद खोटी आहे. मी लिहिली."

बहिणीनं रुमाल डोळ्यांवरून काढला. पर्यवेक्षक उभे राहिले, मग बसले, मग तक्त्याच्या विश्वासार्हतेवर बोलू लागले. हिरवं कार्ड वर करायला खोलीत कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांना मनसोक्त बोलता आलं. शेवटी ते म्हणाले की ताईनं उद्यापासून येऊ नये.

"एक मिनिट," मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "म्हणजे दादा आत्ता आपल्यासमोर खोटं बोलले?"

"माझ्यासाठी बोलले," ताई म्हणाली.

बाईंनी एक कोरा तक्ता ओढला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं. वर्तन: दुसऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलणं. यापूर्वी कधीही आढळलेलं नाही. रोज निरीक्षण आवश्यक. आणि नवं वर्तन आढळलं की, नियमाप्रमाणे, मोजणी पहिल्यापासून. रोज चार तास, निदान वर्षभर. पर्यवेक्षकांना नियमात खोट सापडेना. बाईंनी हे भाबडेपणानं केलं की पुरत्या शहाणपणानं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

दादा पायरीवर तसेच बसले होते. ताई त्यांच्या शेजारी टेकली.

"तुमचे चार तास राहिले, दादा. रोजचे."

"मग तू येशील."

"मी नाही. दुसरं कुणीतरी येईल. मी खोटं लिहिलं, म्हणून मला काढलं."

"मीपण खोटं बोललो."

"हो. म्हणून तर तुम्हाला चार तास मिळाले."

दादांनी भुवया आवळल्या. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वरच्या बंद दाराकडे.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले, आणि तसं सांगायला कठडा धरून वर निघाले. ताईनं त्यांना अडवलं नाही.