शेवड्यांचे रॉकेट आणि विमलाबाईंचा बंब

कोथरूडच्या स्नेहवर्धन सोसायटीत पाण्याच्या पंपाला लागून एक लहानशी खोली होती. ती कोणाकडे राहायची, याचा निकाल दोन हजार दोन सालच्या दसऱ्याला वाफेवर लागायचा होता.

खोली वापरत होते दिगंबर शेवडे. तंत्रनिकेतनातून यांत्रिकीची पदविका घेतलेला आणि पिंपरीच्या कारखान्यात हत्यारे घडवण्यात हयात घालवलेला हा गृहस्थ. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या खोलीत धातू कातण्याचा जुना लेथ बसवला आणि वाफेचे इंजिन घडवायला घेतले. ते खेळणे नव्हते. वीतभर अंतरावरच्या दोन रुळांवर खरा कोळसा जाळून माणूस ओढून नेणारे ते इंजिन होते. त्यांचे वडील दौंडच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते; कोळशाचा आणि तापलेल्या तेलाचा वास घरात बापाच्या आधी शिरायचा. पुढे अभ्यासक्रमात वाफेचे इंजिन दोन तासांत उरकले गेले, तेव्हा शेवड्यांना तो घरच्या माणसाचा अपमान वाटला होता.

"शेवडेसाहेब, आता केबलवरून इंटरनेट येतंय," सोसायटीचे चेअरमन बद्रीनाथ मुंदडा सभेत म्हणाले होते. मुंदडांचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा होता, पण बोलण्यात त्याचा अंश उतरला नव्हता. "त्यांच्या यंत्रांना कोरडी खोली लागते. आपली निम्मी मुलं हिंजवडीला जातात. त्यांना वाफ नको, स्पीड पाहिजे."

"तोच तर विषय आहे. रॉकेट नावाचं वाफेचं इंजिन ताशी एकोणतीस मैल धावलं होतं."

"कधी?"

"अठराशे एकोणतीस साली."

"मग धावून झालंय म्हणा की. आता खोली सोडा."

सभा हसली. शेवडे हसले नाहीत. शेवटी मुंदडांनीच ठराव लिहिला: दसऱ्याला इंजिनाने एका प्रौढ माणसाला ओढत बागेभोवतीची एक फेरी पूर्ण करावी, तसे झाल्यास खोली शेवड्यांकडे, न झाल्यास इंटरनेटकडे. "प्रौढ माणूस मी," मुंदडा म्हणाले. "माझं वजन सगळ्यांना ठाऊक आहे."

इंजिन रॉकेटचीच प्रतिकृती होती: पिवळे अंग, पांढरे उंच धुराडे आणि मागच्या गाडीवर पाण्याचे आडवे पिंप. बॉयलर त्यांनी जाड तांब्याच्या नळाचा केला, दुप्पट दाबाखाली तपासून घेतला. पिंपासाठी मात्र घरातलेच तांबे मिळाले. गॅसचा गीझर आला तेव्हा न्हाणीघरातला बंब माळ्यावर गेला होता. त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी तो मोडीत द्यायला साफ नकार दिला होता. इंजिनाला द्यायला मात्र त्या एका दमात तयार झाल्या. "तापायचीच सवय आहे त्याला," एवढेच त्या म्हणाल्या.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होती. शेवडे बागेभोवती रूळ जुळवत होते, म्हणून घासण्यापुसण्याचे काम विमलाबाईंनी मागून घेतले. संध्याकाळी ते खोलीत परतले, तर पाटावर पान्यांच्या नि कानशींच्या मधोमध इंजिन झळकत होते. पिंप तर आरशासारखे झाले होते.

दसऱ्याच्या सकाळी सोसायटी बागेभोवती जमली. शेवड्यांनी बॉयलर तपासला, सुरक्षा-झडप तपासली, सांधे तपासले आणि विस्तव पेटवला. वाफ धरेपर्यंत त्यांनी लोकांना चार गोष्टी सांगितल्या.

"बंब आठवतो ना? मधे विस्तवाची नळी, भोवती पाणी. पहिली इंजिनं म्हणजे असेच बंब. अठराशे चारमध्ये वेल्समध्ये एक रुळावर धावलं, तर त्याच्या वजनानं बिडाचे रूळच तुटले. लोक म्हणाले, घोडा बरा. रॉकेटनं काय केलं? एका जाड नळीऐवजी पंचवीस बारीक नळ्या पाण्यातून नेल्या. विस्तव तेवढाच, पाण्याला भिडणारी जागा कितीतरी जास्त."

"मल्टिथ्रेडिंग! एकच काम अनेक धाग्यांत वाटलं," दुसऱ्या मजल्यावरचा सौरभ म्हणाला. तो हिंजवडीला प्रोग्रॅम लिहीत असे.

"तुम्ही म्हणाल ते. त्यांनी आधी केलं." शेवड्यांनी कोळशाचा हात पुसला. "दुसरी युक्ती याहून मोठी. काम झालेली वाफ फेकली नाही, धुराड्यात सोडली. ती वर जाताना हवा ओढते आणि विस्तव फुलवते. म्हणजे इंजिन जितकं राबेल तितकी त्याची आग वाढते. यानंतर पस्तीस वर्षांच्या आत गाडी बोरघाट चढून पुण्याला आली."

"आता बागेला एक वळसा घालू दे," असे म्हणून मुंदडा जरीचा झब्बा सावरत पिंपामागे जोडलेल्या चाकांच्या पाटावर बसले.

शेवड्यांनी वाफ सोडली. इंजिनाने एक दीर्घ श्वास टाकला आणि मुंदडांना घेऊन ते निघाले; शेवडे बाजूने चालत होते. टाळ्या पडल्या. पहिले वळण झाले. पाणी कमी दिसताच शेवड्यांनी हातपंपाने पिंपातले पाणी बॉयलरमध्ये घेतले. पुढे स्कूटरच्या रांगेपाशी इंजिनाचा आवाज बदलला. स्वच्छ फुसकाऱ्यांच्या जागी ओला खोकला आला आणि धुराड्याने भकाभका पांढरा फेस ओकला. तो मुंदडांच्या झब्ब्यावर उडाला. शेवड्यांनी तत्काळ वाफ बंद केली. इंजिन थांबले.

"दमलं वाटतं," गर्दीतून कोणी तरी म्हणाले.

"काका, हँग झालं का?" सौरभने विचारले. "रीस्टार्ट करा."

शेवड्यांचे लक्ष पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे होते. नळीत पाणी नव्हतेच, नुसते बुडबुडे उसळत होते. बॉयलरमधले पाणी फेसाळले की ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते आणि इंजिनाची ताकद घालवते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण बॉयलर त्यांनी स्वतः धुतला होता. त्यांनी धुराड्यावरचा फेस बोटावर घेतला आणि हुंगला. चिंच. आणि भांड्यांची पावडर.

त्यांनी मान वळवून विमलाबाईंकडे पाहिले. बाईंच्या चेहऱ्यावरून शेवड्यांना सगळे उमगले.

"पाण्यातच काहीतरी..." ते मोघम म्हणू लागले.

"पाणी चांगलं होतं," विमलाबाई पुढे येऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पिंप मी घासलंय. आतून-बाहेरून."

"आतून कशाला, वहिनी?" मुंदडांनी झब्बा झटकत विचारले.

"बंब आहे तो माझा. संसार मांडला तेव्हापासून दर दसऱ्याला आतून घासलाय. इंजिनाला जोडला म्हणून कळकट ठेवू? आमच्यात नाही तशी पद्धत."

 शेवड्यांनी बोटावरचा फेस पुसला.

"घासलं ते योग्यच झालं, पावडर तेवढी आत राहिली," ते म्हणाले. "बॉयलर तपासला, झडप तपासली, पिंप तपासलं नाही. तपासणी माझी होती."

"मग अट संपली म्हणायची?" मुंदडांनी विचारले.

"फेरी पूर्ण करायची, एवढंच ठरावात आहे. किती वेळात, ते नाही. ठराव आपणच लिहिलाय."

मुंदडांनी पाटावर बैठक घट्ट केली. "मी उठत नाही. नंतर म्हणाल, माणूस बदलला."

शेवड्यांनी विस्तव खाली पाडला, बॉयलर निवू दिला, रिकामा केला, पुन्हापुन्हा विसळला. सौरभ आणि त्याचे मित्र घराघरातल्या फिल्टरचे पाणी कळशांतून आणत राहिले. पिंप विमलाबाईंनी धुतले. प्रत्येक धुण्याचे पाणी त्या काचेच्या बाटलीत भरून हलवून पाहत. एकही बुडबुडा राहिला नाही तेव्हा त्यांनी बाटली नवऱ्यापुढे धरली. एवढा वेळ गेला, पण घरी कोणीच गेले नाही. श्रीखंड ताटांत तसेच राहिले.

विस्तव पुन्हा फुलला. दाबाचा काटा हलला, तसे लोक आपोआप जवळ सरकले. शेवड्यांना त्याचे नवल वाटले नाही. या मुलांची यंत्रे पेटीत बंद असतात. आत काय चालते ते दिसत नाही, ऐकू येत नाही. इथे आग दिसत होती, पाणी दिसत होते, दट्ट्या आतबाहेर करताना चाक फिरवत होता. एवढे उघडे, एवढे प्रामाणिक यंत्र माणसाने पुन्हा केले नाही, अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी वाफ सोडली. इंजिन थांबल्या जागेवरून पुढे निघाले. हातपंप चालला, पाणी आत गेले. काचेतली पातळी संथपणे चढली. शेवटचे वळण गेले. श्वासांमधले अंतर कमी होत गेले, विस्तव आपणहून लाल झाला आणि मुंदडांचे भरभक्कम वजन घेऊन रॉकेट बागेला पूर्ण वळसा घालून निघाल्या जागी येऊन उभे राहिले.

जल्लोष ओसरेपर्यंत मुंदडा पाटावरच होते. "खोली ठेवा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "अजून एक फेरी होईल का हो?"

"इंटरनेटवाल्यांना सांगा, खोलीतली वरची फळी रिकामी आहे," शेवडे म्हणाले. "कोरडी आहे. खाली लेथ चालेल, त्याची तक्रार नको."

"काका, ग्रेट!" सौरभ ओरडला.

"फेरीचं नंतर बघा," विमलाबाई पदर खोचत म्हणाल्या. "उठा आता, भावजी. बंब माझा आणि मिरवता तुम्ही, हे बरं दिसत नाही."

मुंदडा उठले. विमलाबाई पाटावर ताठ बसल्या. शेवड्यांनी त्या लखलखीत पिंपावरून एकदा हात फिरवला, सगळ्या सोसायटीकडे पाहिले आणि वाफ सोडली.