अकरावी युक्ती

मास्तरांनी पडद्यावर दादाचा कान तिप्पट मोठा केला आणि पाळीच्या कडेकडेने कर्सर फिरवायला घेतला. फोटोतून माणूस कापून काढताना कानापाशी घाई करायची नाही, हे ते स्वतःच लोकांना सांगत. केसांचं निभून जातं. चार केस इकडेतिकडे झाले तर कुणी मोजायला येत नाही. कान मात्र लगेच चुगली करतो.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. संगणकावर फोटो कसे सुधारावेत, अक्षरं कशी मांडावीत, रंग कुठे आवरावेत याच्या युक्त्या ते दर सोमवारी इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहीत. हौशी मंडळी हजारोंनी वाचत आणि त्यांनीच हे नाव पाडलं होतं. घरात ते त्रेपन्नाव्या वर्षीही 'धाकटा'च होते.

कापाकापी चालली होती ती आईपायी. आईला ऐंशी पुरी झाली म्हणून गेल्या रविवारी तिच्या घराच्या पायऱ्यांवर सगळे फोटोसाठी जमले. ताईच्या नवऱ्याने कॅमेरा स्टँडवर लावला, सगळे खेटून उभे राहिले, आणि ऐन वेळी आईने हात वर केला.

"थांबा. ताई, तू जरा तिकडे हो. धाकट्या, तू इकडे. मध्ये जागा सोडा."

"कुणासाठी?"

"दादासाठी."

दादा तीन तासांवरच्या गावात राहत होता. आईला भेटायला तो नेमाने यायचा, पण धाकटा नसेल असा दिवस बघून. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

"आई, तो आलेला नाही," मास्तर म्हणाले.

"मला दिसतंय की. नसलेला माणूस फोटोत कसा बसवायचा ते तू जगाला शिकवतोस ना? मग बसव."

"अगं, तसं नसतं ते."

"नसतं तर शिकवतोस कशाला?"

मास्तर बाजूला सरकले. एक माणूस मावेल एवढी फट मध्ये ठेवूनच तो फोटो निघाला.

आता त्या फटीत घालायला दादा हवा होता. जुनी पेटी उपसून मास्तरांनी बरे म्हणावेत असे तीन फोटो काढले. एकात दादाने डोळे मिटले होते, एकात तो पाठमोरा होता. तिसऱ्यात स्टुडिओच्या दारात उभा राहून हसत होता, पण ऊन डावीकडून आलेलं. पायऱ्यांवरच्या फोटोत ते उजवीकडून आलं होतं. तसाच चिकटवला असता तर सगळं कुटुंब एका उन्हात आणि दादा दुसऱ्याच उन्हात, असं ध्यान दिसलं असतं.

यावर सोपा उपाय एकच होता. एक बटण दाबायचं की माणूस आरशातल्यासारखा डाव्याचा उजवा होतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं ऊनही फिरतं. मास्तरांचं बोट त्या बटणावर गेलं आणि तिथेच थबकलं. कारण त्यांच्या पानावरची अकरावी युक्ती नेमकी हीच होती: 'फोटोतला माणूस कधी उलटवू नका. सगळं जग फसेल, त्याची आई फसणार नाही.'

वाचकांना ही ओळ फार आवडायची. कुणी तिची चित्रं करून एकमेकांना धाडायचे, खाली मास्तरांचं नाव घालून. ओळ मात्र दादाची होती. या ओळीचंच कशाला, पहिल्या पंचवीस युक्त्या दादाच्याच होत्या. स्टुडिओ दोघांचा होता तेव्हा दादा काम करता करता बोलायचा आणि मास्तर टिपून घ्यायचे. पान निघालं तेही दोघांच्या नावाने. पुढे मोबाईलसाठी पानाची मांडणी बदलायची वेळ आली तेव्हा मथळ्यात दोन नावं एका ओळीत मावेनात. मास्तरांनी एक काढलं. कुणाचं ते सांगायला नकोच.

दादाने तेव्हा भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "मावत नव्हतं, की नको होतं?"

आणि मास्तर म्हणून गेले, "तुला काय फरक पडतो? लिहितो तर मीच."

बोलायला एक क्षण पुरला. दादाने खिशातला जुडगा काढला, त्यातली स्टुडिओची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली, आणि दुसऱ्या गावी एका छापखान्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करायला निघून गेला. ती किल्ली अजून वरच्या ड्रॉवरमध्ये होती. पेन शोधताना हाताला लागायची.

मास्तरांनी बटण दाबलं. दादा उलटला, ऊन जुळलं.

पुढचे चार दिवस त्यांनी जीव ओतला. शर्टाचा खिसा उजवीकडे गेला होता, तो डावीकडे आणला. मनगटावरचं घड्याळ या हातावरून उचलून त्या हातावर बांधलं. भांग पुसला आणि दुसऱ्या बाजूला केस नि केस पाडला. पायाशी सावली घातली, तीही पायरीच्या काठावर मोडून, जशी खरी सावली मोडते तशी. शेवटी खुर्ची मागे ढकलून त्यांनी लांबून बघितलं. दादा मध्ये उभा होता आणि त्याचा खांदा मास्तरांच्या खांद्याला लागला होता. उठून त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

शनिवारी दुपारी ते फोटो छापून आईकडे घेऊन गेले. ताई आधीच येऊन बसली होती.

"अगंबाई! काय बेमालूम झालाय रे!" ताई म्हणाली. "मी तिथे होते म्हणून. नाहीतर शपथ घेतली असती की दादा आला होता."

आईने फोटो खिडकीपाशी नेला. चष्मा पुसला, परत लावला. मग दादाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. परीक्षेच्या निकालालाही मास्तर कधी असे ताटकळले नव्हते.

"झाला का पुरा?" आईने विचारलं.

"झाला."

"बरं. छान आहे." तिने फोटो मांडीवर ठेवला. "दादाला पाठवते. कुणी केला म्हणून सांगू?"

"माझंच नाव सांग. दुसरं कुणाचं सांगणार?"

"हो, तेही खरंच," आई म्हणाली. "तुझंच सांगते."

तिने ताईला मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढायला लावला आणि मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेली. तिला टाइप करता यायचं नाही. दादाला काही कळवायचं तर ती मोबाईल तोंडाशी धरून बोलायची आणि तो आवाज पाठवून द्यायची. मास्तर चहा घेत बसले. आईला कळलं नाही, हे खरं तर बरंच झालं होतं. मग चहा गोड का लागत नव्हता, ते त्यांना समजेना.

घरी आल्यावर त्यांनी संगणक लावला आणि अकरावी युक्ती उघडली. जग फसलं होतं, आईही फसली होती. म्हणजे ओळ खोटी ठरली की काय? की आई आता तेवढी थकली? दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी त्यांना ते नकोच होतं.

बराच वेळ ते मथळ्याकडे बघत राहिले. मग सहज, नुसतं करून बघावं म्हणून, आपल्या नावाच्या आधी त्यांनी दादाचं नाव लिहिलं. ओळ मोडली, नाव खाली घसरलं. त्यांनी अक्षराचं माप कमी केलं, आपल्या नावाचं चार पॉइंट आणि दादाच्या नावाचं दोन. दोन्ही नावं एका ओळीत आली, शिवाय बोटभर जागा उरली.

मावत होतं. तेव्हाही मावलं असतं.

मजकूर मावत नसेल तर शब्द कापू नका, अक्षर लहान करा, ही युक्ती तिसरी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! हजारो लोकांना शिकवलं आणि स्वतःच्या सख्ख्या भावाच्या वेळेला विसरले. त्यांनी अकराव्या युक्तीखाली लिहिलं, 'ही धरून पहिल्या पंचवीसपैकी प्रत्येक युक्ती माझ्या थोरल्या भावाची आहे. हे सांगायला मी सहा वर्षं उशीर केला.' पुन्हा वाचून बघितलं तर धीर सुटेल, म्हणून नव्या मथळ्यासकट तसंच पानावर चढवून दिलं.

सोमवारी सकाळी स्टुडिओचं दार उघडतात तोच मोबाईल वाजला. पडद्यावर दादाचं नाव होतं. मास्तरांनी उभ्या उभ्याच उचलला.

"मला बायकांचा शर्ट घातलास," दादा म्हणाला.

ना हॅलो, ना कसा आहेस. मास्तरांनी धावत जाऊन संगणक लावला, फोटो उघडला. खरंच की! खिसा फिरवला होता, पण बटणपट्टी राहिली होती. पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते. इथे उजवी डावीवर आली होती.

"राहिलं खरं," ते म्हणाले.

"घड्याळ झकास जमलंय. भांगही बरा आहे. सावली तर मी दोनदा बघितली. पण उलटवलंस कशाला रे?"

"ऊन जुळत नव्हतं."

"मग हाताने जुळवायचं. वेळ लागतो, पण जुळतं."

"आईला मात्र कळलं नाही," मास्तर म्हणाले. "तुझी ओळ चुकली बघ."

पलीकडे दादा हसला. "कळलं नाही? थांब, तुला ऐकवतो."

खुडबुड झाली आणि आईचा आवाज आला, मोबाईल तोंडाशी अगदी जवळ धरून बोलते तेव्हा येतो तसा, श्वासासकट.

"दादा, हा फोटो बघ. धाकट्याने तुला आरशातला करून ठेवलाय. तुझी खळी डाव्या गालाला, हा उजव्या गालाने हसतोय. मी ऐंशीची झालेय, आंधळी नाही झाले. त्याच्यापुढे काही बोलले नाही. चार दिवस राबला बिचारा. पण हे काम त्याला एकट्याला जमायचं नाही रे. ये तू. जागा सोडून ठेवलीय."

मास्तरांना खळीची आठवणच राहिली नव्हती. लहानपणी ते तिच्यात बोट घालून दादाला भंडावून सोडायचे, आणि ती कुठल्या गालाला ते आज आईने सांगावं लागलं.

"ऐकतोयस ना?" दादाने विचारलं.

"हं."

"पान बघितलं सकाळी. नावं दोन्ही एका मापात कर. माझं दोन पॉइंट मोठं झालंय, वाईट दिसतं."

"तू बघतोस पान?"

"दर सोमवारी," दादा म्हणाला. "बरं, रविवारी येतो मी. तो मधला पुसून टाक. जागा तेवढी राहू दे."

मोबाईल ठेवून मास्तर खुर्चीत बसले. फोटोतला दादा वेगळ्या लेयरवर होता. काचेवर काच ठेवावी तसा, बाकीच्यांच्या वर ठेवलेला. त्यांनी ती काच काढून टाकली. खिसा, घड्याळ, भांग, मोडलेली सावली, चार दिवसांचं सगळं काम एका क्लिकसरशी गेलं. ताई आणि त्यांच्यामध्ये पायरी रिकामी झाली आणि तिच्यावर उजवीकडून ऊन पडलेलं दिसलं.

त्यांनी ताईला निरोप धाडला, 'रविवारी परत फोटो काढायचा. सगळ्यांनी तेच कपडे घालून या.'

ताईचं उत्तर लगेच आलं. 'आता कशाला? इतका छान जमला होता की!'

'नाही जमला,' मास्तरांनी कळवलं, आणि दादाची किल्ली काढायला वरचा ड्रॉवर उघडला.