कप्तान बाकावर

चष्म्याच्या दुकानात फ्रेमला काचा बसवणारी ती बाई त्या दिवशी दोनदा चुकली. उजवीकडची काच डावीकडे. मालकांनी फ्रेम तिच्या हातून घेतली आणि काच स्वतः बसवली. तेच तिला जास्त लागलं.

तिचं चित्त बास्केटबॉलमध्ये अडकलं होतं. मैदानावरच्या नव्हे, मोबाइलमधल्या. दीर नोकरीसाठी परगावी जाताना ऑनलाइन खेळातली आपली टीम, खेळाडू सगळे कॉम्प्युटरचे, तिच्या गळ्यात घालून गेले होते. "वहिनी, आठवड्यातून एकदा प्रॅक्टिस कशाची ते ठरवायचं, बस्स." बस्स म्हणे! तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

सुरुवातीला तिने सगळ्यांना सगळं थोडं थोडं शिकवलं. उगाच कुणाला कमी-जास्त नको. कुणाचंच धड काही झालं नाही आणि टीम तळाला जाऊन बसली. मग जुन्या खेळणाऱ्यांचे सल्ले वाचून तिच्या डोक्यात उजेड पडला. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची, तीही मोजक्यांनाच. कोवळी पोरं पटापट उचलतात, वय झालेल्यांवर कितीही राबा, हाती काही लागत नाही. आणि ज्याला शिकवायचं, त्याला सामन्यात त्याच जागेवर खेळवावं लागतं.

टीममध्ये एक ताडमाड पोरगा होता, ती त्याला लंबू म्हणायची. एवढ्या उंच पोराला पासिंग आलं तर कुणाला आवरणार नाही, असं तिला वाटे. पण पासिंगची जागा कप्तानाची. कप्तान पस्तिशीचा, गुडघ्यांनी बेजार, आणि दिरांनी पोरवयापासून घडवलेला.

दुपारी दुकानातून जेवायला घरी आली तेव्हाही ती मोबाइलवर लंबूला टीममध्ये आत घेत, बाहेर काढत राहिली. नवरा म्हणाला, "अगं, खेळ आहे तो. जेव आधी."

संध्याकाळी टीम ठरवायची मुदत संपता संपता तिने कप्तानाला बाकावर बसवलं.

टीम सामना दणकून हरली. लंबूने निम्मे पास समोरच्यांच्या हातात दिले. पण त्याचं पासिंग एक पायरी चढलं होतं. ती स्वयंपाकघरात एकटीच हसली. तेवढ्यात दिरांचा फोन.

"वहिनी, कप्तान जखमी आहे का?"

"नाही."

"मग?"

"लंबूला शिकवतेय."

"बरं." फोन बंद.

नंतर त्यांचा ना फोन, ना मेसेज. कप्तानाला परत घ्यावं तर लंबूचं शिकणं थांबणार; न घ्यावं तर घरात अबोला. दोन-तीन दिवस तिने कळ काढली, मग स्वतःच फोन लावला.

"भाऊजी, रागावलात?"

"रागावलो नाही हो. त्याला बसवायची वेळ कधीच आली होती. माझ्याच्यानं होईना, म्हणून तर टीम तुम्हाला दिली. पण तुम्ही खरंच बसवलंत, तेव्हा लागलं."

"घेऊ का परत?"

"नको. पण विकू नका त्याला."

"विकतेय कशाला? बसू दे की बाकावर."

"हा सीझन गेला म्हणून समजा, वहिनी."

"जाऊ दे."

आणि गेलाच. टीम खालच्या लीगमध्ये घसरली. तिथे मात्र लंबूचे पास अचूक पडू लागले, आणि दीर दर सामन्यानंतर फोन करून हक्काने भांडू लागले. तिला तरी चैन कुठे? लंबूचा बास्केटवरचा नेम कच्चा होता. आता त्याला नेम शिकवायचा तर पासिंग अर्ध्यात सोडावं लागणार होतं.