धुळ्याचा आकडा

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आली होती आणि जळगावात उन्हानं तापलेल्या भिंतींनासुद्धा हात लावायची सोय राहिली नव्हती. कुसुमलताबाईंचा वर्षीतप चालला होता. एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, असं जवळजवळ वर्ष त्यांनी निभावून नेलं होतं. आखाजीला उसाच्या रसानं पारणं झालं की सुटल्या.

पण जैन स्थानकात कुणीतरी सहज बोलून गेलं, की धुळ्याच्या जाऊबाईंनी, चंदनबालांनी, बेला केला म्हणे. लागोपाठ दोन उपवास. वर्षीतप त्यांचाही चालूच होता. कुसुमलताबाईंनी गुपचूप तेला धरला. लागोपाठ तीन.

पच्चक्खाण, म्हणजे उपवासाची प्रतिज्ञा, देताना स्थानकातल्या साध्वी महासतीजी म्हणाल्या होत्या, "उपवास रोजचा रोज घ्या, बाई. शक्ती पाहून. मध्येच अंथरूण धरलंत तर वर्षाचं सगळं तप तुटेल."

बाईंनी नम्रपणे मान हलवली होती. स्पर्धा वगैरे काही नव्हती ती. धर्मात कसली आलीय स्पर्धा? फक्त धुळ्याहून एक जास्त.

आज दुसरा दिवस. त्यात सकाळी नियम घेतला होता, की आज पंखा नाही, कूलर नाही. दुपारी सामायिक, ध्यानाची बैठक, आटोपून उठल्या तर खोली गोल फिरली. भिंत धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मुलगा संयम आला आणि त्यांच्या खोलीतला कूलर ओढत नेऊ लागला.

"मम्मी, तुला तसाही आज चालत नाही ना?"

"कुणाला पाहिजे?"

"कम्प्युटरला."

फरशी पुसणारी झुंबरबाई धरणगावकडची, तिच्या तोंडाला झाकण नव्हतं. "पोऱ्या त्या डब्बाले वारा घालस," ती म्हणाली, "आन् माय इठे घामघूम व्हयेल शे."

संयमनं ऐकलं नाही. त्याला रुचीनं झपाटलं होतं. रुची म्हणजे चंदनबालाबाईंची मुलगी. दोघांचे कम्प्युटर एकाच दुकानातले, एकाच बनावटीचे, आणि तरी बेंचमार्कच्या चाचणीत रुचीचा स्कोअर वर. म्हणून संयम चार दिवस ओव्हरक्लॉकिंग करत होता. कंपनीनं ग्राफिक्स कार्डाला जो वेग ठरवून दिला, त्याहून जास्त पळवायचं, त्यासाठी व्होल्टेज वाढवायचं, आणि मग खेळातली लढाई पडद्यावर किती सरसर चालते ते मोजायचं.

कुसुमलताबाई त्याच्या खोलीच्या दारात येऊन बसल्या. कम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं. आतले पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडत होते. पडद्यावर कुणीतरी राजवाडा जाळत होतं, आणि अचानक सगळं काळं झालं.

"जळलं?"

"नाही गं. फार तापलं की आपोआप बंद होतं, स्वतःला वाचवायला." त्यानं आईकडे पाहिलं. "माणसासारखं नाही ते. हट्ट करत नाही."

"जास्त बोलू नकोस."

"तुझा चेहरा बघ आरशात. मी कूलर तुझ्याकडे फिरवतो."

"नियम आहे माझा. फिरव तिकडेच."

अशा रीतीनं कुसुमलताबाईंच्या त्यागाचा सगळा गारवा ग्राफिक्स कार्डाला मिळाला. यंत्र या वेळी चाचणीच्या शेवटापर्यंत टिकलं. संयमनं आकडा पाहिला.

"दोन टक्के वाढले."

"खेळताना काय फरक पडतो?"

"खेळताना कळत नाही. आकड्यातच दिसतं."

"मग कशासाठी एवढं?"

"रुचीच्या पुढे जायला. आणि तरी नाही गेलो."

त्यांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. पदर सावरत त्या म्हणाल्या, "तिलाच विचार ना मग."

संयमनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. रुची आधी पोटभर हसली. "अरे गाढवा, मी व्होल्टेज वाढवलंच नाही, कमी केलं. कमी दिलं की तापत नाही, तापलं नाही की पळत राहतं. आपल्याकडच्या उन्हात तू त्याला आणखी तूप पाजत बसलास."

कुसुमलताबाईंनी घसा साफ केला. "रुची, मम्मीचा बेला साता-समाधानात झाला ना, बेटा?"

"बेला? नाही हो काकी. तिचं रोजचंच चाललंय, एकाआड एक. पण आज कळलं की जळगावला तुम्ही तेला धरलाय. तेव्हापासून म्हणतेय, आता आपल्यालाही काहीतरी बघायला हवं. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टर ओरडतील. तुम्ही सांगा ना तिला."

गुपचूप धरलेला तेला त्यांच्याआधी धुळ्याला पोचला होता. बाई उकळून गार केलेलं पाणी हळूहळू प्यायल्या. सूर्य अजून वर होता म्हणून पाणी तरी चालत होतं, पण आज त्यापलीकडे काही घेता येणार नव्हतं.

सकाळी त्या स्थानकात गेल्या. महासतीजींनी विचारलं, "आज तिसरा?"

"नाही. आज जेवते."

महासतीजी एवढंच म्हणाल्या, "चांगलं केलंत." बाईंना वाटलं होतं, आणखी काही म्हणतील.

जेवणाची वेळ झाली तेव्हा ताटात मुगाची डाळ आणि मऊ भात होता. पहिला घास घेण्याआधी त्यांनी धुळ्याला फोन लावला. आयुष्यात बरेच नियम पाळले होते त्यांनी, पण हे वाक्य त्यांना दोनदा गिळावं लागलं.

"जाऊबाई, मी तेला सोडला. झेपेना. तुम्हीही उगाच काही धरू नका."

पलीकडून चंदनबालाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "असू दे गं कुसुम. शक्ती नसली की थांबावं, त्यात कमीपणा कसला? मी मात्र आज बेल्याचं, दोन्ही दिवसांचं एकदम, पच्चक्खाण घेऊन बसले. आता मोडता येत नाही."

"गोळी घेतलीत का?"

"सूर्यास्ताआत पाण्याबरोबर घेईन. तू जेव."

आतून संयमचा आवाज आला. "मम्मी, कमी करून पाहिलं. रुचीच्या पुढे गेलो."

"बरं," कुसुमलताबाई म्हणाल्या, आणि डाळभात कालवू लागल्या. पहिला घास सोपा गेला. दुसऱ्याला मात्र जरा वेळ लागला.