खात्रीचा फोन

आमचं कुलपांचं दुकान, विक्री बरीचशी ऑनलाइन. मागे एकाने चोरीच्या कार्डावर महागडी कुलपं मागवली. मालही गेला आणि बँकेने पैसेही परत ओढले. तेव्हापासून आमचे हे ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून पितात.

त्या सकाळी एका बाईंची ऑर्डर आली. सगळ्यांत दणकट कुलूप, दाराची साखळी, आणि आजच पोहोचवायचे जादा पैसे भरलेले.

"हे बघ," हे स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले, "घाई, महागडा माल, कार्डाचा पत्ता एक अन् पाठवायचा भलताच. चोरच!"

"अहो, घाबरलेली बाईसुद्धा असंच करेल की," मी खोक्याला चिकटपट्टी लावत म्हटलं. "नंबर दिलाय तिने, विचारा तिलाच."

"चोर काय सांगणार, मी चोर आहे म्हणून? तुला यातलं काही कळत नाही."

नाहीच कळत बाई! मी दुकानात पाहुणी म्हणून बसते ना!

त्याच कार्डावरची एक जुनी ऑर्डर सापडली. तिच्यावर नंबर वेगळा होता, ह्यांनी तोच फिरवला. मी आतून कुलूप घेऊन आले तेव्हा बोलणं संपलं होतं आणि ह्यांचा चेहरा नुसता खुललेला.

"ऑर्डर खरी आहे! नवऱ्याने उचलला फोन. काय गोड माणूस! म्हणाला, बायकोच आहे माझी, बिनधास्त पाठवा. फक्त पत्ता एकदा वाचून दाखवा."

"आणि तुम्ही वाचलात?"

"मजल्यासकट. का?"

"कपाळ माझं! ज्याच्या भीतीने ती कुलूप घेतेय, त्यालाच दार दाखवलंत!"

मी तिचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"ताई, कुलपांच्या दुकानातून बोलतेय. तुमच्या नवऱ्याला पत्ता कळलाय. आमच्याकडूनच कळला हो. आधी तिथून निघा."

पलीकडे तिची लेक काहीतरी विचारत होती. "चप्पल घाल," ती लेकीला म्हणाली. मग मला म्हणाली, "किती मुश्किलीने मिळाली होती ही खोली." शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

"कुलूप नका पाठवू आता," म्हणाली आणि फोन ठेवला.

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली, ऑर्डर रद्द केली, तिचे पैसे परत पाठवले.

"चला," हे हळूच म्हणाले, "आपलं तर काही बुडलं नाही."