पलटणीची बासरी

नर्मदाबाईंनी पदरात गुंडाळून आणलेली बासरी जिंतूरच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात रामकिशनपुढं ठेवली. काळ्याभोर शिसवी लाकडाची, आखूड, दोन्ही टोकांना पितळी कडी. त्यांच्या नवऱ्याच्या, मल्हारीच्या पणजोबांनी ती निजामाच्या पलटणीत कवायतीला वाजवली होती. मल्हारीनं तिच्यावर जन्मभर मेंढरं वळवली. शिपाई काय नि मेंढरं काय, सुरावर चालवायची एवढंच! मल्हारी जाऊन वर्ष झालं होतं, आणि नर्मदाबाईंना एकच ध्यास लागला होता. तो सूर पुन्हा कानी पडावा.

रामकिशननं बासरी उजेडात धरली. अंगभर उभी चीर गेली होती.

"ही कशी काय उलली, मावशी?"

"कीड लागू नये म्हून चुलीवर टांगली व्हती, धुरात. आमी काठ्या तशाच ठिवतो."

रामकिशननं कपाळाला हात लावला. "काठीला धूर मानवतो, मावशी. ही फुंकरीवर जगती. वाजवणाऱ्याच्या श्वासाची ओल रोज आत जायाची, म्हून लाकूड टिकलं. तुमी तिला उपाशी ठिवलं, अन् वरून भाजलं."

बाईंना भडभडून आलं. जपता जपता आपणच तिचा जीव घेतला की काय!

रामकिशननं चिरेत लाख भरली, रेशमी दोऱ्यानं करकचून बांधली, जवसाचं तेल मुरवलं. पुढच्या बाजाराला बाई आल्या तेव्हा त्यानं वाजवून दाखवली. खणखणीत सूर निघाला. बाईंनी डोळे मिटून ऐकला. बासरी तीच होती, पण वाजवणारा मल्हारी नव्हता, आणि ते मिटल्या डोळ्यांनाही कळत होतं.

"घरी कोण वाजवतं?"

"कोणीच न्हाई. पोरगं पुण्याला हाय. त्याला मोबाईल तेवढा वाजवता येतो."

"मग परत उलंल बघा. रोज कोणीतरी फुंकायला पायजे. सूर न्हाई निघाला तरी चालंल, लाकडाला श्वास लागतो."

त्यांच्यात बायका बासरी तोंडाला लावत नसत. पण संध्याकाळी मेंढरं कोंडून बाई दारात बसल्या आणि कोण काय म्हणंल ते म्हणो, असं म्हणून त्यांनी बासरी ओठाला लावली. फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच.

आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. मल्हारी वाजवायला बसला, की आधी अश्शीच एक कोरडी फुंकर मारून बघायचा. मग लगेच सूर धरायचा.

बासरी मांडीवर ठेवून नर्मदाबाई सुराची वाट बघत बसल्या.