दारातला वारा आणि पाऱ्याची नळी

मित्रांनो, यावलच्या रुपचंद आबांच्या ओसरीत खुंटीला टांगलेला एक जुना तापमापक मी. माझी पाठ सागवानी आहे आणि पोटात पाऱ्याची नळी आहे. आकडे निम्मे पुसले गेले, पण पारा अजून खरे बोलतो.

१९५४ साली आबांचा मुलगा अभिमन मॅट्रिक झाला आणि केळीच्या वॅगनीबरोबर दिल्लीला जाऊ लागला. पहिल्या खेपेला त्याने मला वॅगनीच्या दाराशी टांगले. वाटभर मी ब्याऐंशी अंश फॅरनहाइटच्या आसपास दाखवले, ते तो तासातासाला वहीत लिहीत होता. दिल्लीला माल उतरवला तेव्हा निम्मे घड काळे पडलेले. सोबत आलेला नरडाण्याचा हमाल नथ्थू हसला.

"भाऊ, तू त दारना वारा मोजी राह्यना. घड मझार शेतस."

पुढच्या खेपेला मी घडांच्या मधोमध होतो. एकशे एक दाखवले.

दोन वर्षांत अभिमनने ठरवून टाकले, की गावाची केळी चांगली पोचवायची आणि आपणच विकायची. त्यासाठी वाणिज्य शिकायचे. आबांनी मुंबईचे नामांकित कॉलेज सुचवले. "दगडी इमारत आहे, वर घड्याळ आहे. चार माणसांत नाव सांगता येतं."

अर्जाच्या खिडकीपाशी रांगेत असताना अभिमनने सवयीने मला पिशवीतून काढले. दगडी दालन गार होते. पारा ब्याऐंशीवर, वॅगनीच्या दाराशी होता तसाच. तो थबकला आणि रांगेतून बाहेर पडला. दोन दिवस परवानगी काढून तो वर्गात मागे बसला. शिकवणे उत्तम होते, पण सारे बँकांचे आणि शेअरबाजाराचे. मालगाडीचे नाव नाही.

मग जळगावचे कॉलेज. तिथला वर्ग पत्र्याच्या छपराखाली भरे. मी शंभरी गाठली. पण तिथले सर दर शनिवारी मुलांना मालधक्क्यावर नेत. "माल कुठे नासतो ते आधी शोधा," ते म्हणत, "भावाचं मग बोलू."

"पत्र्याखाली शिकून साहेब होशील का रे?" आबांनी विचारले.

"साहेब नाही व्हायचं, आबा. केळी विकायची आहेत."

अभिमनने जळगावलाच नाव घातले. आबा रोज सकाळी मला वाचत, ते त्यांनी सोडले.

१९६० साली पदवी घेतलेल्या अभिमनने गावाची वॅगन स्वतः भरून घेतली. घडांमध्ये वाऱ्याला वाट ठेवली आणि मला मधोमध टांगले. दिल्लीहून तार आली: माल हिरवा पोचला. आबांनी ती शेजारच्या झुंबरबाईंना वाचून दाखवली.

"कोणत्या कॉलेजात शिकला हो तुमचा अभिमन?"

"जळगावच्या," आबा म्हणाले. "पत्र्याच्या."

मित्रांनो, मला उन्हात टांगू नका, अधूनमधून फडक्याने पुसत जा. आणि कॉलेज निवडाल तेव्हा आपल्याला काय शिकायचे आहे ते मनाशी ठरवून आत जाऊन बसा. दाराशी राहून मीसुद्धा, खरे बोलूनही, चुकलो होतो.